आमच्या घरी कोणी ताक पीत नाही

रूपरावांनी तोंडात गोरसपाक कोंबला तेव्हा अश्वजित नकोच म्हणत होता. नको म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्या फटीत रूपरावांनी डाव साधला. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या अंगात त्या दिवशी कुठून कोण जाणे पण बळ येतं, तो कोणाचं ऐकत नाही. गळ्यातला हार सांभाळत, खांद्यावरून घसरणारी शाल सावरत रूपराव टेबलाटेबलाशी जाऊन सगळ्यांना स्वतःच्या हातानं भरवत होते. "आज नाई म्हनू नको बाबू. उद्यापासून कोन येते तुले आग्रह कराले?" म्हणत त्यांनी अश्वजितचा दंड पकडला होता. साऱ्या पाटबंधारे कचेरीला ठाऊक होतं की अश्वजित गोड खात नाही. कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की त्याची बशी न विचारता शेजारच्या टेबलावर जायची, आणि त्यात आता कोणाला काही वावगं वाटेनासं झालं होतं. आज मात्र तो जाड, तुपकट तुकडा दातांखाली आला, मोडला, त्याचा भुगा झाला, तुपाचा वास टाळूवरून नाकात चढला आणि जिभेच्या पार मागे, जिथं बहुधा बरीच वर्षं काही पोचलंच नव्हतं, तिथं पाणी सुटलं. सगळे टाळ्या वाजवत होते. अश्वजितही वाजवत होता. त्याला गोरसपाक आवडला होता.

आवडला तर आवडला, त्यात एवढं काय, असं म्हणून दुसरा एखादा कामाला लागला असता. अश्वजित मात्र तिथंच अडला. गोरसपाक म्हणजे वर्ध्याचं तुपातलं बिस्किट, काही दुर्मिळ चीज नव्हे. वर्ध्याचा माणूस परगावी निघाला की त्याच्या पिशवीत गोरसपाकचा डबा असतोच. नागपूरच्या मावशीकडे, यवतमाळच्या साडूकडे अश्वजितनं स्वतः कितीदा तो नेला होता. समोरच्यानं डबा फोडून त्याच्यापुढे धरला की हात जोडून म्हणायचा, "नाई, मले नाई आवडत. तुम्ही घ्या." इतक्या वेळा म्हणाला होता की ते त्याच्या उंचीसारखं, रक्तगटासारखं त्याचं झालं होतं. कचेरी सुटल्यावर सायकलवरून घरी निघाला तेव्हा दातांच्या फटीत अजून एक कण अडकलेला होता. जीभ सारखी तिकडेच जात होती. हे जर खोटं होतं, तर आणखी काय काय खोटं होतं? बजाज चौकातल्या गर्दीतून सायकल हातात धरून चालताना तो घरातल्या माणसांच्या नावडत्या गोष्टी एकेक करून आठवू लागला, आणि यादी संपेना. बायकोचं, माधवीचं, गजऱ्यानं डोकं दुखतं. पोरीला, नंदिनीला, सहलीची बस लागते. आणि मायला, त्याच्या आईला, कूलरची हवा सोसत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात, जिथं दुपारी कावळासुद्धा झाडावर चोच वासून बसतो, तिथं त्याच्या आईला कूलरची हवा सोसत नाही! आणि हे त्यानं बिनबोभाट मान्य केलं होतं. उलट लोकांना कौतुकानं सांगितलं होतं.

याचं मूळ मायपाशीच होतं. माय म्हणजे धुरपता, हिंगणीची, बोरच्या जंगलाच्या कडेला वाढलेली. ती लहान असताना सकाळी लोटा घेऊन मोठ्या घराच्या मागच्या दाराशी ताकाला जायची. तिथली बाई उंबऱ्यातून हात उंच करून ताक ओतायची, लोट्याला लोटा लागू नये म्हणून. अर्धं ताक लोट्यात, अर्धं पोरीच्या मनगटावर. घरी जाताना धुरपता मनगट चाटत जायची. मग तिचा बाप नत्थू नागपूरला गेला, पांढऱ्या कपड्यांच्या त्या अफाट गर्दीत दीक्षा घेऊन परत आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पोरीच्या हातातला लोटा काढून घेतला. "आजपासून ताकाले जाचं नाई." पोरीनं विचारलं, कोणी बोलावलं तर काय सांगू? बापानं थोडा विचार केला. आमच्याजवळ नाही हे सांगायचं नव्हतं आणि तुमचं नको हे सांगण्याइतकं अजून बळ नव्हतं. "सांगजो," तो म्हणाला, "आमच्या घरी कोनी ताक पीत नाई." काही दिवसांनी मोठ्या घरच्या बाईनं खरंच हटकलं, काऊन गं, ताकाले येत नाई तू आजकाल? तेव्हा धुरपतानं ते वाक्य मान वर करून म्हटलं. माय ही गोष्ट सांगायची तेव्हा तिची मान अजूनही तशीच वर व्हायची. अश्वजितला ही गोष्ट लहानपणी फार आवडायची. तिच्यात मनगट चाटणारी पोर आहे, तिकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते वाक्य म्हटल्यावर धुरपता घरी जाऊन रडली असेल का, हे तर त्यानं कधी विचारलंच नाही.

पुढे ते वाक्य घराला लागू झालं. पैसे नाहीत असं त्यांच्याकडे कोणी म्हणत नसे. आवडत नाही असं म्हणत. अश्वजित शिकला, नोकरीला लागला, म्हसाळ्यात दोन खोल्या झाल्या, तेव्हा ते वाक्य मागे पडत चाललं होतं. लग्नानंतरची दोन वर्षं माधवीच्या केसात दर रविवारी गजरा असायचा आणि तिचं डोकं बिलकुल दुखत नव्हतं. मग थोरला भाऊ रत्नदीप आला. हिंगणघाटला स्लॅब टाकायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्यानं द्यायचा धंदा काढायचा म्हणाला. "तू फक्त जामीन राह्य. सही कर, बाकी मी पाहून घेतो." रत्नदीपनं पाहून घेतलंही असतं. तो काही बुडवणारा माणूस नव्हता. पण एका पहाटे छातीत कळ येऊन तो गेला, प्लेटा कोणी कुठे नेल्या त्याचा पत्ता लागला नाही, आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता अश्वजितच्या पगारातून कापला जाऊ लागला. भावासाठी धड रडताही आलं नाही. रडू यायला लागलं की मध्येच हप्ता आठवायचा आणि मग आपण नेमकं कशासाठी रडतो आहोत याची लाज वाटायची.

त्या वर्षांनी घराला वळण लावलं. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात जायचं. साबणाची चिपाटी नव्या वडीला चिकटवायची, एका खोलीतला दिवा लागला की दुसऱ्या खोलीतली माणसं पुस्तक, शिलाई, भाजी जे हातात असेल ते घेऊन तिथंच येऊन बसायची. माधवी एका खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली आणि येता-जाता चालू लागली, कारण ऑटोतल्या पेट्रोलच्या वासानं तिला मळमळतं. कोणी कुरकुरलं नाही. उलट त्या चौघांचं इतकं छान जमलं की पाहुण्यांना हेवा वाटावा. दुकानापुढून जाताना लहानगी नंदिनी बापाचं बोट ओढायची नाही. तो काही म्हणायच्या आधीच म्हणायची, "मले नाई आवडत आइस्क्रीम. दात दुखते." अश्वजितची छाती अभिमानानं भरून यायची. आता आर्वी नाक्यावर सायकल टेकवून उभ्या असलेल्या अश्वजितला तो अभिमान आठवला आणि त्याला स्वतःची किळस आली. पाच वर्षांच्या पोरीचे दुधाचे दात होते ते. ते कशानं दुखणार होते?

बरं, कर्ज काही जन्मभर राहिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी फिटलं. बेबाकीचा दाखला घेऊन तो घरी आला तेव्हा माधवीनं ठेवणीतली साडी नेसली, मायनं पांढरं लुगडं नेसलं आणि चौघं जेवायला म्हणून बाहेर पडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चौकात येऊन उभे राहिले. "कुठं जाचं?" अश्वजितनं विचारलं. "तुम्ही सांगा," माधवी म्हणाली. "मायले काय पायजे ते पाहा." "मले काय, पोरीले इचार." पोरीनं खांदे उडवले. एका हॉटेलाच्या दारात पोरं हसत होती, आत तवा वाजत होता, कांदा तळल्याचा घमघमाट रस्त्यावर येत होता. चौघं त्या उजेडाच्या कडेशी बराच वेळ उभे राहिले. काय खावंसं वाटतं तेच कोणाला सांगता येईना. "तेलकट असते हे," शेवटी माधवी म्हणाली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. घरी येऊन त्यांनी पिठलं-भात खाल्ला आणि आपल्या घरच्यासारखं कुठं नाही असं एकमेकांना सांगितलं. पुढच्या महिन्यात पगार पुरा हातात आला तेव्हा अश्वजितला रात्रभर डोळा लागला नाही. एवढे पैसे मोकळे, उघड्यावर पडलेले. पुन्हा कोणी आलं तर? पुन्हा कोणाची छाती दुखली तर? सकाळी बँकेत जाऊन त्यानं हप्त्याएवढ्याच रकमेची, हप्त्याच्याच तारखेची, दर महिन्याची ठेव लावली. तेव्हा कुठं त्याच्या जिवाला स्वस्थता वाटली. पतसंस्था गेली आणि तिच्या जागी तो स्वतःच येऊन बसला. घरातली दुधाची पिशवी विसळली जात राहिली. फरक एवढाच, आधी घर उतार उतरत होतं, आता चढ चढत होतं. पायांना दोन्ही सारखंच लागत होतं.

कोणी विचारलंच, तर ती ठेव नंदिनीसाठी होती. पोरीचा हात पहिल्यापासून चित्रात. तीसुद्धा फुलं-पाखरं नव्हे, घरं. जाहिरातींच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती घरं काढायची, भिंती उघडून आतलं दिसेल अशी. जिना कुठं, न्हाणी कुठं, खिडकीतून ऊन कोणत्या खोलीत येईल. एकदा आजीसाठी एक खोली काढली होती आणि तिला चारी बाजूंनी खिडक्या दिल्या होत्या, कारण आजीला कूलर सोसत नाही. बारावीनंतर वास्तुकलेची प्रवेशपरीक्षा दिली. मागच्या आठवड्यात यादी लागली, त्यात तिचं नाव पुण्याच्या कॉलेजात होतं. अश्वजितनं मोबाईल तिच्यापुढे धरला. नंदिनीनं यादी पाहिली, खालीवर सरकवली, पुन्हा नावापाशी आणली, आणि मोबाईल परत दिला. "मले नाई जाचं. मले पुणं नाई आवडत. इथंच बीएस्सी करतो." पोरीनं पुणं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यावर अश्वजित काय म्हणाला? "विचार कर बेटा," म्हणाला, बापानं म्हणायचं असतं म्हणून. ती म्हणाली, केला. आणि तो गप्प बसला. आज, या क्षणी, नाक्यावर ट्रकांची धूळ अंगावर घेत उभा असताना त्याला त्या गप्प बसण्याच्या तळाशी काय होतं ते अगदी स्वच्छ दिसलं. त्याला बरं वाटलं होतं. ठेव मोडावी लागणार नव्हती. आयुष्यभर ज्या पोरीसाठी आपण पैसा जमवला असं तो समजत होता, ती पैसा घ्यायला नाही म्हणाली तेव्हा त्याच्या जिवाला थंडावा मिळाला होता. एवढा कसा मी आटलो, तो मनाशी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. एक ऑटोवाला हॉर्न वाजवत वाजवत त्याला वळसा घालून गेला.

त्यानं सायकल वळवली. गोरसपाकच्या दुकानात गर्दी होती. परगावच्या गाडीला निघालेली माणसं घाईत होती. अश्वजित काचेपुढं उभा राहिला, आणि कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवून काय करून राह्यला बे असं विचारील अशी त्याला भीती वाटली. "किती देऊ?" पोरगेलासा दुकानदार म्हणाला. "अर्धा किलो का किलो?"

"एक डबा द्या. लहान."

"बाहेरगावी नेता का? पक्का बांधून देतो."

"नाई," अश्वजित म्हणाला. "घरी खाले."

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. माधवीची ड्यूटी होती. एका दिव्याखाली माय खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि खाली सतरंजीवर नंदिनी स्थानिक कॉलेजचा अर्ज भरत बसली होती. अश्वजितनं चप्पल काढली, हातपाय धुतले, भिंतीवरच्या तसबिरीपुढं नेहमीसारखे हात जोडले आणि डबा पिशवीतून काढून दोघींच्या मध्ये ठेवला. दोघींनी डब्याकडे पाहिलं.

"कोनाकडं जाचं आहे?" मायनं विचारलं.

"कोनाकडं नाई. आपल्याले आणला."

नंदिनी हसली. "बाबा, तुमाले तर गोड आवडतच नाई."

"आवडते," अश्वजित म्हणाला. त्यानं झाकण उघडलं, एक तुकडा घेतला आणि त्यांच्यासमोर खाल्ला, उभ्या उभ्याच. भुगा शर्टावर सांडला. "मले आवडते. आधीपासूनच आवडत असन. तेव्हा नव्हते पैसे म्हनून मी म्हनत जाऊ, नाई आवडत. अन मंग मलेच खरं वाटाले लागलं." त्या घरात हे वाक्य याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. ते म्हटल्यावर छत कोसळेल असं काहीतरी त्याला वाटत होतं. वरचा पंखा तसाच करकरत फिरत राहिला. त्यानं डबा पोरीपुढं केला. "घे."

"नको. मले नाई आवडत," नंदिनी म्हणाली. त्याच आवाजात, मान थोडी वर करून. ती मान अश्वजितनं ओळखली. आजोबा नत्थूनं पोरीच्या हातातला लोटा काढून घेतला तो तिची मान ताठ राहावी म्हणून. ती मान पिढी ओलांडून इथवर आली होती आणि आता आपल्याच बापापुढं ताठ उभी होती. डबा तसाच धरून तो उभा राहिला.

शेंगदाणे ताटात पडायचा आवाज थांबला होता. माय नातीकडं पाहत होती. मग तिनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं, हात लुगड्याला पुसले आणि डब्याकडं लांबवले. "इकडं आण." दात नव्हते. तिनं तुकडा तोंडात धरून भिजू दिला. गालफडं हलत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "अश्वजित, उद्या ताक आणजो."

"काय?"

"ताक. आंबट नोको, ताजं पायजे. लोटाभर." तिनं आपलं मनगट उलटं केलं आणि त्याच्याकडं पाहिलं. "मले लय आवडे रे. बाप होता तोवरी नाई पेली, तो गेला तरी नाई पेली. माह्या बापानं तं फकत त्या दारावरचं नोको म्हनलं होतं. घरचं पेऊ नोको असं थो कधी म्हनला?" आणि मग, नातीकडं वळून, रागानंच म्हणावं अशा आवाजात, "अन तू वं पोरी? पायलं नाई त्याले नाई आवडत काऊन म्हनतं? कोन्या दारात उभी हायस तू? घर हाय हे तुह्यं."

नंदिनीचा पेन अर्जावर टेकून राहिला होता, तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. तिनं मान खाली घातली. अर्जाकडंच पाहत तिनं विचारलं, "बाबा, पुण्याची फी भराची तारीख कोन्ती होती?"

"शुक्रवार," अश्वजित म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच ऐकू आलं. नंदिनीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. तारीख तो विसरला नव्हता. आठवडाभर ती त्याच्या मनात होती आणि ती एकदाची निघून जावी म्हणून तो गप्प राहिला होता. हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्याला कळलं. "हो," तो म्हणाला, "होती ध्यानात. तू नाई म्हनली तवा मले बरं वाटलं बेटा. पैसे राहून जातीन म्हनून. मी तुले खोटं नाई बोलत." तो सतरंजीवर, तिच्यासमोर बसला. "आपल्याजवळ पैसे आहेत. पुरे आहेत. आता तू सांग."

नंदिनीनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग डब्यातून एक तुकडा घेतला, त्याचा बारीकसा कोपरा दातानं तोडला आणि चावून पाहिला. आजी आणि बाप दोघं तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं नाक मुरडलं आणि उरलेला तुकडा परत डब्यात ठेवला.

"हा मले खरंच नाई आवडला," ती म्हणाली. "लय तूप आहे याच्यात." आणि अर्ज मधोमध फाडून तिनं बाजूला ठेवला. "पुण्याले मात्र मले जाचं आहे, बाबा. पहिल्यापासून जाचं होतं."